धनवंताचा वाटा किती? : कर, जकात आणि न्यायाची तुला

अल्लाहच्या नावाने, जो असीम कृपाळू व परम दयाळू आहे.

दिव्य कुरआनच्या सूरह हश्रमधील सातव्या आयतीत संपत्तीच्या वाटपाचा एक हुकूम आला आहे, आणि त्या हुकमामागचे कारणही तेथेच सांगितले आहे. बनू नजीर या टोळीची जी मालमत्ता लढाईवाचून मदीनेच्या राज्याच्या हाती आली, तिच्यात अनाथ, निर्धन आणि वाटसरू यांचा वाटा ठेवण्यात आला. हेतू हा की, संपत्ती केवळ धनवंतांच्या वर्तुळातच फिरत राहू नये. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ही संपत्ती मुख्यतः घरदार मक्केत सोडून आलेल्या मुहाजिरांमध्ये वाटली, मदीनेच्या अन्सारांपैकी मोजक्या गरजूंनाच तीत वाटा मिळाला.

ज्या हुकमाचे कारण अल्लाहने स्वतः स्पष्ट केले आहे, तो हुकूम एका प्रसंगापुरता राहत नाही. ते कारण पुढच्या काळासाठी मोजपट्टी ठरते. राज्य पैसा कोणाकडून घेते, किती घेते आणि कोणाला मोकळे सोडते, हे तपासायचे असेल तर हीच मोजपट्टी हाती घ्यावी लागते. प्रस्तुत पाठात आपण तेच करणार आहोत.

एका पगारपत्रकाचा प्रश्न

गेल्या रमजानपूर्वी भाट्ये येथील आमच्या साप्ताहिक दर्समध्ये जकातीचा विषय चालू होता. दर्स संपल्यावर एक तरुण मागे थांबला. तो रोज खाडीवरचा पूल ओलांडून रत्नागिरीत नोकरीला जातो; महिना पंधरा हजार रुपये पगार. त्याने खिशातून पगारपत्रक काढले आणि एका ओळीवर बोट ठेवले : व्यवसाय कर, दोनशे रुपये. तो म्हणाला, “मौलाना, आमच्या मालकांनाही एवढाच व्यवसाय कर पडतो, असे हिशेबनीस सांगतात. हे खरे आहे का? आणि खरे असेल तर शरीअत याला काय म्हणते?”

त्या दिवशी मी त्याला पूर्ण उत्तर देऊ शकलो नाही. माहिती घेतली, तेव्हा हिशेबनिसाचे म्हणणे खरे निघाले. महाराष्ट्रात दहा हजारांहून अधिक मासिक वेतन असलेल्या पुरुषाला वर्षाला अडीच हजार रुपये व्यवसाय कर द्यावा लागतो : अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. (स्त्रियांना १ एप्रिल २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंतच्या मासिक वेतनावर हा कर माफ आहे.) पंधरा हजारवाल्याला अडीच हजार आणि महिना पंधरा लाखवाल्यालाही अडीच हजारच. राज्य सरकारने ठरवले तरी याहून अधिक घेता येत नाही, कारण संविधानाच्या २७६ व्या कलमाने या करावर मर्यादा घातली आहे. ती आरंभी वर्षाला अडीचशे रुपये होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीने अडीच हजार झाली आणि तेव्हापासून तेथेच आहे.

आता प्रमाण पाहा. वर्षाला १ लाख ८० हजार मिळवणारा आमचा तरुण दर शंभर रुपयांमागे सुमारे १ रुपया ३९ पैसे देतो. वर्षाला एक कोटी मिळवणारा शंभरामागे अडीच पैसे देतो.

विशेष म्हणजे, या कराचा मूळ हेतू उदात्त होता. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमी योजना आकाराला आली, आणि तिच्या खर्चाची तरतूद व्हावी म्हणून १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कराचा कायदा केला. ज्यांच्या हाताला नियमित काम आहे त्यांनी, ज्यांच्या हाताला काम नाही त्यांच्यासाठी द्यावे, ही ती कल्पना. जकातीच्या दिशेशी ती किती जुळते! परंतु हेतू शुद्ध असूनही मापात खोट राहिली, तर भार दुर्बळाच्याच खांद्यावर येतो.

शरीअतची शिडी

शरीअतने जे माप दिले त्याचे दोन गुण येथे ध्यानात घ्यावेत.

पहिला गुण : प्रश्न ‘किती खर्च केला?’ असा नसून ‘किती शिल्लक आहे?’ असा आहे. निसाब म्हणजे सुमारे ८५ ते ८७ ग्रॅम सोने किंवा ६१२ ग्रॅम चांदी अथवा तेवढे मूल्य. एवढी संपत्ती वर्षभर मालकीत राहिली, तरच अडीच टक्के जकात लागू होते. ज्याच्याकडे उरतच नाही त्याच्याकडून काही घेतले जात नाही. उलट सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत सांगितलेल्या आठ हक्कदारांमध्ये त्याची गणना होऊ शकते.

दुसरा गुण : ज्या कमाईत माणसाचे श्रम अधिक, तिच्यावरचा भार कमी. सहीह बुखारीतील हदीसांनुसार जमिनीत सापडलेल्या पुरातन ठेव्यावर पाचवा हिस्सा, म्हणजे वीस टक्के. पावसावर आलेल्या पिकावर दहावा हिस्सा. तेच पीक मोटेने पाणी ओढून काढले असेल तर विसावा हिस्सा, म्हणजे पाच टक्के. इमाम इब्ने कय्यिम (रह.) यांनी ‘जादुल मआद’मध्ये या पायऱ्यांमागील शहाणपण उलगडून दाखवले आहे : घाम जितका जास्त, तितका सरकारी वाटा कमी. घबाडावर वीस, पावसाच्या पिकावर दहा, कष्टाच्या पाण्यावर पाच.

कोकणाने पाहिलेले दोन कर

अन्यायी कर म्हणजे काय, हे कोकणी माणसाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. आपल्या जिल्ह्याने दोन धडे स्वतः गिरवले आहेत.

पहिला धडा खोतीचा. रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतेक गावे खोती होती. खोत सरकारात ठरलेला सारा भरी आणि कुळाकडून पिकाचा वाटा घेई. निम्म्या वाट्याला अर्धेल आणि तिसऱ्या हिश्श्याला तिर्धेल म्हणत. वर वेठही होती. सरकारला जाणारी रक्कम आणि कुळाकडून येणारे धान्य यांतील अंतर खोताच्या कणगीत राही. जमीन कसणारा सर्वांत अधिक देई. मधला बसून खाणारा सर्वांत कमी. खोतांमध्ये हिंदू होते तसे मुसलमानही होते, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. ज्यांचे मूळ गाव याच जिल्ह्यातील आंबडवे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. कायदा मात्र १९४९ मध्ये झाला.

दुसरा धडा मिठाचा. मे १९३० मध्ये तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील शिरोडे येथे मिठाचा सत्याग्रह झाला. एवढ्याशा मिठावरच्या कराने लोक का पेटले? कारण श्रीमंत आपल्या श्रीमंतीच्या प्रमाणात मीठ खात नाही. राजवाड्यातील माणूस जेवढे खातो तेवढेच झोपडीतला खातो. उन्हात राबणाऱ्याला तर कदाचित जास्तच लागते. म्हणून मिठावरचा कर दिसायला सर्वांना समान, पण वजनाला गरिबावर भारी.

एक धडा दलालाचा, दुसरा समान दिसणाऱ्या असमानतेचा. आज खोत गेला आणि मिठावरचा कर १९४७ मध्ये उठला. परंतु या दोन्ही रोगांची लक्षणे सध्याच्या व्यवस्थेतही आढळतात.

आजची व्यवस्था तुलेवर

१ जुलै २०१७ पासून देशात वस्तू व सेवा कर आहे. फोनचे तीनशे रुपयांचे रिचार्ज केले की त्यातील सुमारे ४६ रुपये कराचे असतात. ते नौकेवर जाळे ओढणाऱ्या खलाशालाही पडतात आणि अब्जाधीशालाही. सप्टेंबर २०२५ मध्ये साबण, तेल, टूथपेस्ट अशा वस्तूंवरचा दर पाच टक्क्यांवर आणला गेला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तरीही तत्त्व तेच राहते : ज्याचा सगळा पगार महिन्याच्या वाणसामानात संपतो, त्याच्या जवळजवळ सगळ्या कमाईला हा कर शिवतो. ज्याच्या कमाईचा शंभरावा भागही खर्च होत नाही, त्याचे नव्व्याण्णव भाग त्याच्या कक्षेबाहेर राहतात.

आयकराकडे पाहू. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कर नाही. मध्यम घरांना हा मोठा दिलासा आहे. आता वरच्या पायरीवरची दोन माणसे घ्या. एक शल्यविशारद नोकरीत वर्षाला पन्नास लाख रुपये वेतन घेतो. त्याला उपकरासह सुमारे अकरा लाख कर पडतो. दुसऱ्याने काहीही काम न करता जुने शेअर विकून पन्नास लाखांचा नफा मिळवला. दीर्घ मुदतीच्या अशा नफ्यावर दर साडेबारा टक्के असल्याने त्याला सुमारे ५ लाख ८२ हजार पडतात. आणि तिसऱ्याचे शेअर वर्षभरात पन्नास कोटींनी वाढले, पण त्याने विकलेच नाहीत, तर त्या वाढीवर कर शून्य. तो ते शेअर तारण ठेवून कर्ज काढू शकतो आणि त्यावर ऐश्वर्यात राहू शकतो. कर्ज हे उत्पन्न नसल्याने त्यावर आयकर नाही.

इब्ने कय्यिम यांची शिडी येथे उलटी टांगलेली दिसते : घामावर जास्त, घबाडावर कमी.

साठलेल्या संपत्तीवर आपल्या देशात कर नव्हता असे नाही. निकोलस काल्डोर या अर्थतज्ज्ञाच्या १९५६ च्या अहवालानंतर १९५७ मध्ये संपत्ती कर आला. वारशावरचा इस्टेट ड्युटी कर १९५३ पासून होता. तो १९८५ मध्ये रद्द झाला. संपत्ती करातून १९९३ पासून शेअरसारखी ‘उत्पादक’ मालमत्ता वगळण्यात आली. दागिने, मोटारी, शहरातील जमिनी तेवढ्या उरल्या. म्हणजे पेटीतले सोने मोजले जाई, पण कंपनीची मालकी मोजली जात नसे. साहजिकच २०१३-१४ मध्ये या कराची देशभरातील वसुली अवघी १,००८ कोटी होती, आणि ‘खर्च अधिक, प्राप्ती कमी’ या कारणास्तव २०१५ च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला. त्याच्या जागी एक कोटीवरील उत्पन्नावर दोन टक्के वाढीव अधिभार आला. तो उत्पन्नावर होता. निश्चल पडलेल्या संपत्तीला त्याने स्पर्श केला नाही.

दुसरी बाजू

न्यायाची तुला हाती घेतली की दुसरे पारडेही पाहावे लागते. सूरह माइदाच्या आठव्या आयतीत एखाद्या समूहाच्या वैरापोटीही न्याय सोडू नये अशी आज्ञा आहे. मग श्रीमंतांविषयीच्या असूयेपोटी तो कसा सोडता येईल?

१९७३-७४ मध्ये आयकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता. शंभरातले सव्वादोन रुपये हाती ठेवणाऱ्या त्या कराने न्याय वाढला नाही, लपवाछपवी वाढली. आजही अतिश्रीमंताच्या पगारी उत्पन्नावरचा सर्वोच्च दर नव्या पद्धतीत सुमारे ३९ टक्के आहे. शेअरच्या नफ्यावर दर कमी, याचे एक कारण असे सांगितले जाते की कंपनीने आपल्या नफ्यावर आधीच कर भरलेला असतो. ते अगदी निराधार नाही, जरी तो कंपनी करही सप्टेंबर २०१९ मध्ये अनेक कंपन्यांसाठी २२ टक्क्यांवर आणला गेला.

प्रेषित (स.) यांनी हजरत मुआज (रजि.) यांना यमनला पाठवताना सांगितले की, जकात तेथील धनिकांकडून घेऊन तेथीलच निर्धनांना द्यावी, आणि त्याच वेळी बजावले की लोकांच्या मालातील उत्तमोत्तम तेवढे उचलू नये व पीडिताच्या हायेपासून सावध राहावे. हजरत उमर (रजि.) यांनी शहादतीच्या काही दिवस आधी इराकच्या जमिनीची मोजणी करणाऱ्या दोन सहाबांना विचारले होते : जमिनीला पेलणार नाही एवढा सारा तर तुम्ही लावला नाही ना? आणि त्याच वेळी त्यांनी इच्छा व्यक्त केली होती की, आपण जगलो तर इराकच्या विधवांना कोणापुढे हात पसरावा लागणार नाही अशी व्यवस्था करू. एकाच श्वासात देणाऱ्याची क्षमता आणि घेणाऱ्याची गरज, दोन्हींची चिंता. कर न्याय्य आहे की नाही, हे या दोन प्रश्नांवरून ठरते.

कळप जोडणे आणि कळप तोडणे

कायदा चांगला असला तरी पळवाट शोधणारी बुद्धी असतेच. हजरत अबू बक्र (रजि.) यांनी हजरत अनस (रजि.) यांना जकातीच्या नियमांचे जे पत्र दिले, त्यात प्रेषितांचा (स.) असा हुकूम आहे की, जकातीच्या भीतीने वेगळे कळप एकत्र करू नयेत आणि एकत्र कळप वेगळे करू नयेत.

इमाम मालिक (रह.) यांनी ‘मुवत्ता’मध्ये याचे उदाहरण दिले आहे. चाळीस ते एकशे वीस शेळ्यांवर एक शेळी जकात असते. तिघांकडे प्रत्येकी चाळीस असतील तर एकूण तीन शेळ्या देणे येते. वसुलीदार येताना दिसला की तिघे कळप एकत्र करतात. झाल्या एकशे वीस, देणे एकच. उलट दोन भागीदारांच्या प्रत्येकी एकशे एक शेळ्या एकत्र चरत असतील तर दोनशे दोनवर तीन शेळ्या देणे येते. ते कळप तोडतात आणि प्रत्येकी एक देऊन सुटतात. आपण कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई मताचे. त्या मतात सामाईक कळपाची जकात एकत्रितच मोजली जाते, म्हणून हा हुकूम आपल्या फिक्हमध्ये विशेष अर्थपूर्ण आहे.

आज शेळ्यांच्या जागी कंपन्या आहेत. एका घरच्या व्यवहाराचे दहा नावांत तुकडे करणे, कमी कराच्या परक्या भूमीत कागदावरचे कार्यालय थाटणे, नफा एका खिशातून दुसऱ्या खिशात फिरवणे, ही त्याच कळपांची जोडतोड आहे. गरिबाला हे साधत नाही, कारण त्याचा कर पगारातून आणि दुकानाच्या पावतीतून आधीच कापलेला असतो. अतिश्रीमंत आणि श्रमिक यांच्यातील खरा फरक केवळ दराचा नाही. एकाला आपला कळप कोठे बांधायचा ते निवडता येते, दुसऱ्याला येत नाही.

आपल्या अंगणात

येथवर वाचून आपल्यापैकी अनेकांच्या मनात मुंबईच्या उंच इमारती उभ्या राहिल्या असतील. आता जरा आपल्या हापूसच्या बागेत येऊ.

शेतीचे उत्पन्न केंद्राच्या आयकरातून वगळलेले आहे. संविधानानुसार त्यावर कर लावण्याचा अधिकार राज्यांचा आहे. अल्पभूधारकासाठी ही सवलत रास्तच. अवकाळी पाऊस आणि फुलकिडे एका आठवड्यात वर्षाचा मोहोर नेतात हे आपण डोळ्यांनी पाहतो. पण तीच सवलत शेकडो कलमांच्या मालकालाही आहे. मोठ्या शेतीवर कर असावा अशी शिफारस डॉ. के. एन. राज यांच्या समितीने १९७२ मध्ये केली होती.

शरीअतकडे वळलो तर तेथेही बागाईतदाराला एक वाट दिसते. हनफी मतानुसार जमिनीतून येणाऱ्या सर्व उत्पन्नावर उश्र आहे. शाफई मतानुसार तो भात-नाचणीसारख्या साठवणीच्या अन्नधान्यावर, खजुरावर आणि द्राक्षांवर आहे, आंब्यावर नाही. हा मतभेद प्रामाणिक इज्तिहादाचा आहे. परंतु जो बागाईतदार कागदावर शेतकरी म्हणून आयकर देत नाही, शाफई म्हणून उश्र देत नाही आणि आंब्याच्या पैशातून वर्षभर शिल्लक राहिलेल्या रकमेची अडीच टक्के जकातही मोजत नाही, त्याने कोणत्या इमामाचे मत स्वीकारले? आंब्यावर उश्र नसला तरी आंब्याच्या पैशावर वर्ष उलटले की जकात आहे. यात मतभेद नाही.

सूरह कलममध्ये एका बागेच्या मालकांची गोष्ट आहे. गरीब येण्याआधीच पहाटे फळे तोडून न्यायची, असे त्यांनी शपथपूर्वक ठरवले होते. पहाटे गेले तर बाग उजाड झालेली. तेव्हा त्यांना कळले की आपणच मर्यादा ओलांडली. त्या गोष्टीत त्यांनी कोणता कायदा मोडला असे सांगितलेले नाही. गरिबाला त्याच्या वाट्यापासून दूर ठेवण्याचा बेतच त्यांचा अपराध ठरला. आपल्या बागेत झेला घेऊन फांदीवर चढणारा गडी आणि नेपाळहून येऊन रात्रभर राखण करणारा माणूस यांना आपण काय देतो, हा प्रश्न याच आयतींच्या प्रकाशात विचारायचा आहे.

तसेच वारशाचे. देशात वारसा कर नाही म्हणून संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरात साठते, अशी तक्रार आपण करतो. अल्लाहने सूरह निसामध्ये वाटे ठरवून दिले, त्यामुळे प्रत्येक पिढीत संपत्तीची गाठ आपोआप सुटते. मग आपल्या किती घरांत बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात? भावांच्या प्रेमाखातर दिलेली सही आणि माहेर तुटेल या भीतीने दिलेली सही यांतील अंतर अल्लाह जाणतो.

या पाठातून घ्यावयाचे

१. न्याय्य कराची कसोटी समान रक्कम ही नसून समान भार ही आहे. अडीच हजार रुपये सर्वांना सारखे नसतात.

२. संपत्तीवरील कर, व्यवसाय कराची मर्यादा, नित्याच्या वस्तूंवरील दर यांविषयी लोकशाहीत मत मांडणे हे नागरिकाचे काम आहे, आणि न्यायाची साक्ष देणे हे श्रद्धावंताचे. आपल्या आमदार-खासदारांसमोर हे प्रश्न समाजभेद न करता, सर्व श्रमिकांच्या वतीने मांडावेत.

३. कर अन्यायी वाटतो म्हणून तो चुकवणे जायज ठरत नाही. आपण या देशाचे नागरिक म्हणून करारबद्ध आहोत आणि करार पाळण्याची आज्ञा सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे.

४. भरलेला कर जकातीत धरता येत नाही, असे बहुसंख्य उलमांचे मत आहे. जकातीची नियत वेगळी, हक्कदार वेगळे. दुकानाचा माल, रोकड, ठेवी यांचा हिशेब एक तारीख ठरवून लेखी करावा. शेअरच्या बाबतीत विक्रीसाठी घेतलेले आणि दीर्घकाळ ठेवलेले यांचा तपशील वेगळा आहे. तो जाणत्या आलिमांकडून समजून घ्यावा.

५. कायदा जेथे सोडून देतो तेथे अल्लाहचा हिशेब संपत नाही. ‘कायद्याने चालते’ हे उत्तर आयकर कार्यालयात पुरेसे असेल. हश्रच्या दिवशी ते पुरणार नाही.

त्या तरुणाला पुढच्या दर्सनंतर मी हे सारे सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “मौलाना, म्हणजे माझ्यावर जकात नाही, पण कर आहे.” होय, असेच आहे. शरीअतने ज्याला देणाऱ्यांतून वगळले त्याच्याकडून आपली व्यवस्था रोज काही ना काही घेते. आणि शरीअतने ज्याला प्रथम विचारले असते त्याच्याकडे ती अनेकदा वळूनही पाहत नाही. हा विपर्यास बदलण्याची सुरुवात आपल्या तिजोरीच्या किल्लीपासून व्हावी.

हे अल्लाह! आमच्या कमाईत बरकत दे, आमच्या मालातील दुसऱ्याचा हक्क ओळखण्याची दृष्टी दे, आमच्या शासनकर्त्यांना न्यायाची सद्बुद्धी दे, आणि ज्या दिवशी संपत्ती कामी येणार नाही त्या दिवशी आम्हाला रिकाम्या हाताने उभे करू नकोस. आमीन.